दम कुठून पळतो

इंजिनाचा प्लग काढला, की त्या भोकावर आंगठा दाबून म्हातारा मिस्त्री डोळे मिटून घ्यायचा. "मार किक," म्हणायचा आणि आतल्या हवेचा दम आंगठ्यानं जोखायचा. वैद्यानं नाडी धरल्यावर घरची माणसं त्याच्या तोंडाकडं बघतात, तसे आम्ही बघत राहायचो.

"दम हाय, पन टिकत नाय." हे तो गाडीबद्दल बोलायचा, वाऱ्याबद्दल आणि जावयाबद्दलही.

तुम्ही त्या काळी तारापूरच्या खाडीकाठानं गेला असाल, तर त्याची माडाच्या झापांची शेड पाहिली असेल. आत होड्यांची इंजिनं, बाहेर वाळत घातलेले बोंबील.

मी बार्शीकडचा, सातवीतून शाळा सुटलेला. तिथल्या अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं. त्यावरच्या ठेकेदाराचं टपाल बोईसर स्टेशनवरून न्यायचं काम मला मिळालं. त्यासाठी दिलेली मोटरसायकल महायुद्धाच्या काळातली. वाटेतल्या सालवड गावापुढचा एवढासा चढ तिला चढवेना. किक पोकळ बसायची, पायाला काही लागायचंच नाही.

मुकादम म्हणाला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. आता ती भंगारात. आणि गाडी नाही, तर तुझं तरी काय काम?"

गावी कोणत्या तोंडानं परतायचं, हेच डोक्यात घेऊन मी गाडी ढकलत शेडपाशी नेली. "काका, रिंगा गेल्यात."

"कोनी सांगितला?"

"मुकादमानं."

"तो शिरला होता का आत?"

आंगठा लावून झाला. मग हाताशी आलेल्या डब्यातलं चमचाभर तेल त्यानं प्लगच्या भोकातून ओतलं. रिंगा झिजल्या असतील, तर तेल फटी बुजवतं आणि दम वाढतो. पुन्हा किक मारली. दम होता तेवढाच.

"रिंगा बऱ्या हायेत. हवा दुसरीकडून पळते." त्यानं मला किक हातानं हळूहळू दाबायला लावली आणि स्वतः सायलेन्सरला कान लावला. मग मला बोलावलं. "तू ऐक."

आत कुणीतरी झोपेत श्वास सोडत होतं.

"वॉल्व नीट बसत नाय. एवढाच."

दुपारभर तो वॉल्व्ह घासत बसला. टोकाला वॉल्व्ह लावलेली काठी दोन तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी फिरवायची, थांबायचं, पुसून बघायचं. झापांतून ऊन गळत होतं. समुद्र लांब कुठंतरी होता.

"घाटावरची मानसं सगळी अशी भितात का रे?"

"नोकरी जाईल, काका."

"जेवलास का तू?"

नव्हतो. त्यानं अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली.

गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि धुराला मासळीचा भपकारा आला. होडीला चोपडायचं मुशी माशाचं तेल त्यानं इंजिनात ओतलं होतं. "लागला हाताला," एवढंच म्हणाला. सालवडची कुत्री माझ्यामागं लागली, मुकादमानं नाक धरलं. पण गाडी चालत होती आणि मीही कामावर होतो.

पुढं मला कायम केलं. ते सांगायला मी टपाल घेऊन तसाच शेडकडं वळलो. दार ओढलेलं होतं. बोंबील उलटणारी बाई म्हणाली, "तो वारला ना शिमग्यानंतर. तुला कोनी सांगितला नाय?"

मी कायम झालोय, हे मग तिलाच सांगितलं.

"बरा झाला," ती म्हणाली.

ओहोटी होती. होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या. पाणी येऊन त्या सरळ होईपर्यंत मी तिथंच बसून राहिलो. त्या दिवशी टपाल पहिल्यांदाच उशिरा पोचलं.