डावा की डावी

विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेच्या शेडमध्ये तिला सगळे भिंगरी म्हणत. सकाळपासून नुसती भिरभिरत असायची. कधी चुकून खुर्चीत टेकली तर खुर्चीच दचकते, असं तिची सून म्हणायची, आणि तेही तोंडावर. सासू विमानं दुरुस्त करणार, सून ती उडवणार. दोघींची जुंपली की मुलगा, बिचारा जमिनीवरचा माणूस, गुपचूप भांडी घासायला घ्यायचा.

शेजारणी विचारत, विमान आकाशात वळतं तरी कसं? भिंगरी म्हणायची, "तुम्ही झोपेत वळता तसं. कुशीवर." मग दोन्ही हात पसरून दाखवायची. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणारी एकेक फळी असते. वैमानिकाने हातातला दांडा डावीकडे नेला की डावी फळी वर उठते आणि उजवी खाली जाते. वर उठलेली फळी आपल्या पंखाला खाली दाबते, विमान डावीकडे कलतं आणि कललं की तिकडे वळत जातं. शेपटीची उभी फळी नाक भरकटू देत नाही. "फळी वर तर पंख खाली, एवढं ध्यानात ठेवा," असं सांगेपर्यंत ती दाराबाहेर पोचलेली असायची.

त्या दिवशी तिने पिवळ्या विमानाच्या दांड्यापासून फळ्यांपर्यंत जाणाऱ्या नव्या तारा जोडल्या. जोडलेलं काम दुसऱ्या मिस्त्र्याने तपासायचं, हा शेडचा नियम. पण दुसरा मिस्त्री तापाने घरी आणि सुनेला उडायची घाई. शेवटी सून आत बसली, भिंगरी बाहेर उभी राहिली.

सुनेने दांडा हलवत विचारलं, "डावा वर?"

डावी फळी वर आलेली दिसत होती. "वर!" भिंगरी ओरडली.

"आणि उजवा वर?"

"वर!"

झालं. सून विमान घेऊन धावपट्टीकडे निघालीसुद्धा.

भिंगरीने नट पिळायचे पाने जागेवर ठेवले, उगाच काढले, पुन्हा पुसले. चहा ओतला तो तसाच राहिला. दारापर्यंत गेली, परत आली. कुठेतरी खुपत होतं. डावा वर, डावा वर, मनात तेच चाललेलं. आणि एकदम ती जागीच थबकली. डावा? फळी तर डावी असते. डावा असतो तो पंख!

म्हणजे सुनेने डावा पंख वर करायला दांडा उजवीकडे नेला होता. तेव्हा डावी फळी खाली जायला हवी होती, आणि ती वर गेली होती. तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. पोरगी विमान डावीकडे वळवायला जाईल, ते उजवीकडे कलेल. सावरायला जाईल तसतसं आणखी कलेल.

ती धावत वायरलेसच्या खोलीत शिरली. "थांबवा तिला!"

"कोणाला?" कारकुनाने मान वर केली.

"माझ्या सुनेला!"

"घरची भांडणं घरी मिटवा की हो."

तिने त्याच्या हातातून माईक हिसकावला. "अगं, मघाशी तू डावा म्हणालीस की डावी?"

"आई? डावा म्हणाले. का?"

"म्हणजे पंख?"

"पंखच की!"

"इंजिन बंद कर. आत्ताच्या आत्ता!"

धावपट्टीच्या टोकाशी भिंगरी पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. सुनेने तिच्यासमोर दांडा डावीकडे नेला. डावी फळी खाली लोंबली. सून पांढरीफटक पडली.

"आई, तुम्ही थांबवलं नसतं तर..."

"ते काय विचारतेस? मी नीट जोडलं असतं तर, असं विचार! नियम मोडला तोही मीच." भिंगरीला रडू आवरेना. "बरा झाला की तो मिस्त्रीच जोडेल. मी यापुढे तारेला हात लावणार नाही."

"तो तपासेल. जोडणार तुम्हीच."

"आणि उडवणार कोण मग ते?"

सून खाली उतरली. सासूचा तेलकट हात घट्ट धरून ती म्हणाली, "मीच."