आई बुरुजावर चढली तेव्हा

लहानपणी आम्ही मुलुंडहून उल्हास नदीकाठच्या रानातले पडके किल्ले बघायला जायचो. बाबा आम्हा भावंडांना वर न्यायचे आणि आई खाली पिशव्या सांभाळत बसायची.

गेल्या हिवाळ्यात आई, बाबा आणि मी घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो. बाबांचे गुडघे दुखत होते. रिक्षातून उतरताच आईने पिशवी त्यांच्या हातात दिली. "तुम्ही सावलीत बसा. मी बघून येते."

पदर खोचून ती माझ्यापुढे चढली. बुरुजावरून झाडीमागे वळणारी नदी बघत बराच वेळ उभी राहिली.

"एवढं झकास दिसतं, आणि तुम्ही मला वर नुसते दगड आहेत म्हणून सांगायचात रे?"

मी ओशाळून हसलो. खाली आल्यावर तिने बाबांना सांगितलं, "पुढच्या रविवारी वसईचा किल्ला."