चादरीवरची हळद

मोरीत पाय घसरून पडलो तो मंगळवार होता. गुडघा टम्म सुजला. घरात मी एकटाच, त्यामुळे विव्हळायचीही सोय नव्हती. ऐकणारं कोणी नसलं की माणूस आपोआप गप्प बसतो. बायको असती तर तिने आधी मला फैलावर घेतलं असतं, मग हळद आणि तुरटी गरम करून लेप लावला असता. बोलणी वगळून बाकी सगळं मीच केलं आणि झोपलो.

सकाळी पाहतो तर पट्टी सुटून चादरीवर ताटाएवढा पिवळा डाग. आणि चादर कुठली, तर लेकीने दिवाळीत आणलेली, पांढरीशुभ्र, निळ्या काठाची. लेक बोरिवलीला राहते. दर रविवारी विक्रोळीला यायची आणि आल्या आल्या घर तपासायची. आई गेल्यावर तिने मला बजावलंच होतं, "बाबा, एकदा जरी पडलात ना, तर घराला कुलूप. मी घेऊन जाणार तुम्हाला." तिच्याकडे माझ्या वाट्याला हॉलमधला सोफा येणार, हे मला ठाऊक होतं. पण सोफ्याचं एवढं नव्हतं. हे दार बाहेरून लावून निघायचं, ते मला जमणार नव्हतं. तेव्हा रविवारच्या आत डाग गेला पाहिजे, बस्स.

सगळी नोकरी कारखान्यात लेथ मशीनवर गेली. माझ्या कपड्यांवरचे वंगणाचे डाग बायको साबणाची वडी घासून ब्रशने रगडायची, ते पाहिलेलं होतं. मीही रगडलं. डाग लाल झाला! कुंकू सांडावं तसा लालभडक. घाबरून आणखी साबण लावला, तर आणखी लाल. माझी पुरती वाट लागली. मग बादलीसमोर पाटावर बसून मी चक्क रडलो. डागासाठी नाही. एवढीशी गोष्ट विचारायला घरात माणूस नाही, म्हणून.

शेवटी बादली घेऊन शेजारणीचं दार वाजवलं. तिने बादलीत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अहो काका, हळदीला कोणी साबण लावतं का? लाल होणारच ना! लिंबू चोळा, साध्या पाण्यात खळबळा आणि कडक उन्हात टाका. उन्हाने जाते हळद. आणि लंगडताय का?"

"पायाला मुंग्या आल्यात," म्हणालो.

आमच्या खिडकीतलं ऊन समोरच्या नव्या टॉवरने कधीच अडवलंय. म्हणून एकेका पायरीवर थांबत चार मजले चढून गच्चीवर गेलो, चादर दोरीवर टाकली आणि टाकीच्या सावलीत बसून राहिलो. अशा तीन दुपारी. लांब खाडीकडची तिवरांची झाडी, हायवेवरच्या गाड्या आणि समोर ती चादर. दुसऱ्या दिवसापासून मी डागाशी बोलायला लागलो. "जा की रे आता," म्हणायचो. शनिवारी तो खरंच गेला. खाली गादीवर उतरलेला डाग काही गेला नाही; गादी उलटी केली.

रविवारी लेक आली. मी खुर्चीतून हललोच नाही. तिने फ्रीज पाहिला, गोळ्यांचा डबा पाहिला, मग पलंगावर बसून चादरीवरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"बाबा, किती स्वच्छ ठेवलंय सगळं. मला उगाच टेन्शन असायचं. आता निर्धास्त झाले मी. दर रविवारी धावतपळत यायला नको ना? महिन्यातून एकदा येत जाईन. चालेल?"

"चालेल की," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? तिला सोडायला दारापर्यंतही गेलो नाही, लंगडणं दिसलं असतं.

पुढच्या रविवारी एकट्यापुरते पोहे केले. खाऊन झाले. पेपर दोनदा वाचला. घर असं काही शांत झालं होतं की फ्रीज चालू झाला तरी दचकायला व्हायचं. मग फोन लावला.

"अगं, चादरीवर हळद सांडलीय. काय करू?"

"साबण नका लावू हं बाबा, लाल होतो डाग," ती घाईघाईने म्हणाली. तिच्या मागे मिक्सर चालू होता, तो तिने बंद केला. मग लिंबू कसं चोळायचं, किती वेळ ठेवायचं, उन्हात कधी टाकायचं, सगळं नीट समजावून सांगितलं. मी पलंगावर बसून ऐकत होतो. चादर स्वच्छ होती.

"समजलं ना?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "पुन्हा एकदा सांग."