सहा मिनिटांचा संथ तुकडा

आमच्या बँजो पार्टीचे किस्से सांगायला लागलो की लोक हसतात. आधी मीपण हसायचो. आता ते इतके साचलेत की सांगताना हसू कमी आणि राग जास्त येतो.

पार्टी कळस गावच्या तात्यांची. डिप्लोमा अर्धा सोडून मी तिच्यात माउथ ऑर्गन वाजवायला लागलो. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं संगीत, मोबाईलवर ऐकून शिकलो होतो. सूर आत ओढायचा, ओढता ओढता वाकवायचा आणि घाई करायची नाही. सहा मिनिटांचा एक संथ तुकडा मी स्वतः बसवला होता. तो लोकांसमोर एकदा पूर्ण वाजवायचा, एवढंच मला पाहिजे होतं.

*

पहिला प्रयत्न इंदापूरला, हळदीत. मिनिटभरात तात्यांनी ढोलकीवाल्याला खूण केली आणि माझा सूर ढोलकीखाली गेला.

"आरं, नवरी अजून हितंच हाय. आत्ताच कशाला रडवतो?"

सगळे हसले. नवरीपण.

*

मग तात्यांनी मला हक्काची वेळ दिली. जनरेटरमध्ये डिझेल घालताना! जनरेटर बंद म्हणजे माईकही बंद, हे त्यांच्या ध्यानात यायला दोन लग्नं गेली.

ध्यानात आल्यावर म्हणाले, "मग बरंच हाय की."

*

घरी आबा, म्हणजे माझे वडील. लोणी देवकरला कंपनीत सुपरवायझर होते. मशीनचा आवाज बरोबर ओळखायचे, पोराचा नाही. मी सराव करत होतो तर वाफेचं मशीन आणून समोर ठेवलं. त्यांना वाटलं, मला दमा झालाय.

"आबा, ह्याला ब्लूज म्हणतात."

"व्हय का? मग गोळी काय हाय त्याला?"

*

चुलते वारले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्यांच्या शोकसभेला, तात्यांची पार्टी होती. वाटलं, इथं तरी कुणाला घाई नसेल. बुद्धवंदना झाली, मी सुरुवात केली. दोन मिनिटांत पुढाऱ्याची गाडी आली. तात्यांनी स्वतः उठून माझ्यासमोरचा माईक उचलला आणि त्याच्या हातात दिला. भाषण पाऊण तास. चुलत्याचं नाव चुकीचं घेतलं, तरी माणसं माना डोलवत होती.

"तात्या, तुमाला सूर कळत न्हाय, नुसता आवाज कळतो," म्हणालो आणि पार्टी सोडली.

*

गेल्या महिन्यात तात्या बारामतीच्या दवाखान्यात. फुफ्फुसं गेलेली. मी जाणार नव्हतो, आबांनी बळंच धाडलं. स्टुलावर बसून राहिलो.

तात्यांनी ऑक्सिजनचा मास्क कपाळावर सरकवला. "आणलाय का?"

माउथ ऑर्गन खिशात होताच.

"वाजव."

"तुमाला न्हाय आवडत."

"वाजव म्हनलं ना."

तोच तुकडा वाजवला. मुद्दाम, नेहमीपेक्षाही संथ. शेजारच्या कॉटवरचे उठून बसले. चार मिनिटं झाली असतील, नर्स धावत आली.

"आजोबा, मास्क का काढला? लावा आधी. आणि तुम्ही, बंद करा ते."

ती मास्क खाली ओढायला गेली. तात्यांनी तिचा हात धरला. बोलायला दम पुरेना, तरी म्हणाले,

"थांबा, बाई. त्याचं व्हऊ द्या पुरं."