चाळणमामांचा चुकलेला ढीग

फाउंड्रीत त्यांना सगळे चाळणमामा म्हणत. लोखंड ओतून झालं, साचे फोडले, की काळी ढेकळं मामांकडे यायची. ती भरडायची, कणाला कण घासून वाळू बांधणाऱ्या रेझिनची जळकी साल काढायची, धूळ ओढून घ्यायची आणि गार झालेली वाळू पुन्हा साच्यांसाठी द्यायची, हा त्यांचा बावीस वर्षांचा उद्योग. "नव्या वाळूचं कौतुक मला सांगू नका," ते म्हणत. "ती तापली की फुगते. माझी तावूनसुलाखून निघालेली आहे!" आपल्या वाळूने एकही साचा बिघडला नाही, हे ते घरी आलेल्या पाहुण्यांनाही ऐकवत. पाहुणे बिचारे चहा पीत माना डोलावत.

त्यांचा जावई तिथेच साचे बनवणारा मोल्डर होता. लेकीनेच पसंत केला, म्हणून मामांचा नाइलाज. "भांडत नाही, बोलत नाही. असल्या मुखदुर्बळ माणसाचं काय करायचं?" असं ते बायकोला रोज विचारत.

एके दिवशी जावयाचे चार साचे काही केल्या घट्ट होईनात. बोट लावलं की कणकेत पडावा तसा खड्डा. सुपरवायझरचा पारा चढला. "वाळूत हार्डनर घालायला विसरलास! तुझ्यामुळे भट्टी थांबली. उद्यापासून येऊ नकोस." जावई मान खाली घालून उभा.

मामांनी ती वाळू तळहातावर चोळली आणि पुन्हा एकदा चोळून पाहिली. दोन जातींच्या रेझिनची वाळू ते दोन ढिगांत ठेवत. एकीत उरलेली अल्कली दुसरीच्या हार्डनरमधलं आम्ल मारून टाकते आणि साचा कच्चाच राहतो. ढीग चुकला होता. सकाळी चष्मा घरी विसरला, तरी ऐटीत त्यांनीच साच्यांच्या वाळूचा हॉपर भरला होता.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. क्षणभर बसलेही, खोटं कशाला सांगा? मग पुढे झाले.

"त्याचं काही चुकलं नाही, साहेब. घोळ माझा आहे. मी भलत्याच ढिगातली वाळू भरली."

 सुपरवायझरने जावयावरचा राग मामांवर काढला. 

सासरा-जावई फावडी घेऊन मऊ साचे उपसू लागले.

"मामा, मला मघाशीच कळलं होतं," जावई हळूच म्हणाला. "मीही चोळून बघितली होती."

"मग मिठाची गुळणी धरून का उभा राहिलास?"

"मला दुसरीकडे काम मिळेल. या वयात तुमचं नाव गेलं, तर ते कुठून आणायचं?"

 मामांचे डोळे भरून आले. धूळ गेली म्हणता आलं असतं, पण त्यांनी तसं म्हटलं नाही.