विहिरीकडची बाई

शाळेत शिकवत होते तेव्हा माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. आता शेजारी बसलेल्या माणसालाही कान जवळ आणावा लागतो. पार्किन्सन म्हटलं की लोकांना थरथरणारा हात आठवतो. माझा हात फारसा थरथरत नाही, पण पाय जड होतात, चेहरा हलत नाही आणि आवाज आतच राहतो.

वसई मुंबईला लागूनच आहे, असं सगळे म्हणतात. पण आमच्या वाडीतून निघून मुंबईच्या डॉक्टरांपर्यंत पोचेतो मी गाडीत इतकी आखडायचे की उतरताना दोघांना धरावं लागे. म्हणून डॉक्टरांनीच सुचवलं, आता व्हिडिओवर भेटू. घरात रेंज येत नाही, म्हणून आम्ही ओट्यावर बसतो. स्टुलावर फोन, समोर मी, बाजूला माझे मिस्टर. मी बोलते आणि ते माझं बोलणं मोठ्याने डॉक्टरांना सांगतात. सांगताना थोडं गोड करतात. मी म्हणते, "सकाळी उठवतच नाही." ते सांगतात, "सकाळी जरा जड वाटतं, बाकी ठीक."

गेल्या पावसाळ्यानंतर गोळी वाढवली आणि पाय सुटले. घरात सगळे खूश होते. आणि मग मला ती बाई दिसू लागली.

ओट्यावरून समोर केळी दिसतात, त्यांच्या पलीकडे विहीर. संध्याकाळी तिथे एक बाई ओणवी उभी असायची, पाठमोरी, मोगरा तोडत असल्यासारखी. तिकडे मोगरा नाहीच. पहिल्यांदा वाटलं, शेजारची कोणी असेल. पण आमचा कुत्रा अनोळखी माणसावर धावून जातो आणि तो तिच्या बाजूने शांत चालत गेला. तेव्हा कळलं, ती फक्त मलाच दिसतेय.

मी कोणालाच सांगितलं नाही. माझी एक मावशी म्हातारपणी भिंतीशी बोलायची. लोक हसायचे, मग तिला मागच्या खोलीत बसवू लागले. आपलंही तसंच होणार, हे मनातून जाईना. मी ओट्यावर बसायचं टाळू लागले. मिस्टर बोलवायचे, "अगं, बाहेर ये ना, वारा छान सुटलाय." मी म्हणायचे, कंटाळा आलाय. देवाकडे एकच मागणं होतं, डॉक्टरांचा फोन सकाळचा असू दे.

त्या महिन्यात तो नेमका संध्याकाळचा मिळाला.

डॉक्टर तरुण आहेत. "टीचर, बोटं आपटून दाखवा," त्या म्हणाल्या. मी आपटली. फोनच्या मागे, केळींपलीकडे, ती होतीच. मी नजर फोनवर खिळवून ठेवायचा प्रयत्न करत होते.

"टीचर, तुम्ही सारखं कुठे बघताय?"

"वाडीत बघत असेल," मिस्टर म्हणाले. "बाकी ठीक आहे, डॉक्टर."

"त्यांनाच विचारतेय मी. तुम्हाला काही दिसतं का, जे इतरांना दिसत नाही?"

इतकं सरळ मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "विहिरीपाशी बाई दिसते. रोज दिसते. आताही आहे."

डॉक्टरांना ऐकू गेलं नाही. "काय म्हणाल्या त्या?"

मिस्टर फोनकडे वळले. मला वाटलं, आता हे सांगणार, काही नाही, दमलीय ती. पण त्यांनी माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. शेवटी त्यांचा आवाज माझ्याइतकाच बारीक झाला.

मग ते उठले, चपला न घालताच केळींतून विहिरीकडे गेले आणि ओरडून म्हणाले, "इथे?"

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. मी मान हलवली. ते तिथेच उभे राहिले, कुठे बघावं ते न कळून. त्यांना असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ते परत आल्यावर डॉक्टर सावकाश बोलल्या. "हे वेड नाही. या आजारात होतं असं, कधी गोळीमुळेही. लघवीत इन्फेक्शन नाही ना तेही बघू. आणि टीचर, सांगितलंत ते फार बरं केलंत."

दुसऱ्या दिवशी माणिकपूरच्या लॅबमधून माणूस येऊन नमुना घेऊन गेला. इन्फेक्शन नव्हतं. डॉक्टरांनी वाढवलेली गोळी टप्प्याटप्प्याने कमी केली. ती बाई आधी धूसर झाली, मग एखाद्या दिवशीच दिसू लागली. ती ओट्यावरून दिसली की मी सांगायचे, मिस्टर म्हणायचे, "असू दे," आणि आम्ही चहा प्यायचो. पुढे ती दिसेनाशी झाली. पण पाय पुन्हा जड झाले. डॉक्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं.

परवा रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले. कम्युनियनच्या रांगेत मधेच पाय जमिनीला चिकटले, काही केल्या उचलेनात. मागची रांग थांबली. मिस्टरांनी कोपराला धरलं आणि कानाशी हळूच म्हणाले, "डावा आधी." लोक बघत होते, पण मला फक्त पडायची भीती वाटत होती. मी डावा पाय उचलला.