दहापैकी दहा

घनसावंगीच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि डोक्यावर राजानंदचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि चार मोबाइल. खतवाले, क्लासवाले, मंगल कार्यालयवाले त्याच्याकडे येतात आणि तो त्यांच्या जाहिराती लोकांच्या मोबाइलवर दाखवतो. या जाहिराती सोशल मीडियाच्या खात्यावरून चालतात. कंपनीला खात्याचा संशय आला की खातं बंद, जाहिरातही बंद. त्यामुळे कुठलं खातं किती टिकतं, हा त्याचा रोजचा अभ्यास. एवढा दहावीला केला असता तर आज तहसीलमध्ये असता, असं मी त्याला आठवड्यातून एकदा सांगतो.

"नवं खातं म्हंजे गोऱ्हा," तो म्हणतो. "आज आणला, उद्या जुंपला, परवा बसला." दुसरं भाड्याचं, म्हणजे कुणाचं तरी जुनंपानं खातं. त्याच्याकडचं सिंथिया नावाच्या परदेशी बाईचं आहे, जालन्याच्या एकाकडून घेतलेलं. कंपनी खात्याचं वय बघते, म्हणून सिंथियाबाईंवर तिचा विश्वास. तिसरं पुण्याच्या एका एजन्सीचं. बंद पडलं तर ते लगेच दुसरं देतात, फक्त रविवारी त्यांना सुट्टी. आणि चौथं घरचं. खऱ्या माणसाचं, खऱ्या नात्यागोत्याचं, वर्षानुवर्षं वापरातलं. हे सगळ्यात भारी. पण असं खातं जाहिरातीला देतो कोण?

राजानंदला ते वडिलांनी दिलं. म्हणजे त्याने घेतलं.

त्याचे वडील कचरूमामा पस्तीस वर्षं बाजार समितीत मापाडी होते. शेतकऱ्यांचा माल तोलायचे आणि काट्याला कधी बोट लागू द्यायचे नाहीत. शेतकरी त्यांचं नाव घ्यायचे, व्यापारी दातओठ खायचे. ते घरी बसल्यावर मुलाने मोबाइल घेऊन दिला, खातं काढून दिलं. मामा सकाळी देवाचा फोटो टाकायचे आणि कुणी गेलं की न चुकता श्रद्धांजली लिहायचे. एवढ्या वर्षांत त्या खात्यावर कुणाशी वाकडा शब्द नाही. राजानंदची एक वही आहे, तीत प्रत्येक खात्याला दहापैकी गुण आहेत. वडिलांपुढे दहा लिहिले आहेत.

दोन वर्षांपूर्वी मामांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग नातवाचं नाव. मोबाइल हळूच राजानंदच्या टेबलावर आला आणि मामा ठिबकच्या नळ्या विकायला लागले. फेट्यातला हसरा फोटो, खाली 'कचरू मापाडी यांचा शब्द' आणि एक नंबर. त्या नंबरचा मोबाइल टेबलाच्या खणात असायचा. ठिबकचा दुकानदार माल वेळेवर द्यायचा नाही, तक्रारी यायच्या, म्हणून राजानंदने त्या मोबाइलचा आवाज बंद करून टाकला होता.

"मामांना विचारलंस का?" मी एकदा म्हणालो.

"विचारलं. हो म्हणले. पर त्यांच्या ध्यानात न्हाई राह्यलं."

मला राग आला होता. तरी मी "बरं" म्हणून खाली आलो. त्या "बरं"चा मला अजून राग येतो.

मागच्या रविवारी सोनूबाई मामी मामांना घेऊन जांब समर्थला दर्शनाला गेल्या. त्यांना ओट्यावर बसवून प्रदक्षिणा घालून आल्या, तर ओट्याखाली फक्त चपला. राजानंद मोटारसायकलवर जांबला गेला. त्याने विहिरी बघितल्या, उसाचे फड बघितले, पोलिसांत सांगितलं. कुणीतरी म्हणालं, म्हातारा एका जीपमध्ये बसला. जीप कुठली, ते कुणी सांगेना. तीन वाजता तो मामींना घरी सोडून ऑफिसात आला. मी दुकान बंद करून वर गेलो.

"जाहिरात टाकतो," तो म्हणाला. "सगळ्या जिल्ह्याला दाखवतो. दुसरं काय येतं मला?"

पहिली जाहिरात अर्थातच दहा गुणांच्या खात्यावरून. रोज नळ्या विकणारा माणूस एकदम स्वतःलाच शोधायला लागला, हे कंपनीला पटलं नाही. तिने ओळख मागितली. कॅमेऱ्यासमोर या, मान डावीकडे करा, मान उजवीकडे करा.

"कुठून आणू मान?" राजानंद मोबाइलवर ओरडला.

नवं खातं काढलं, ते वीस मिनिटांत बसलं. एजन्सीत एकाने फोन उचलला आणि सोमवारी बघू म्हणाला. राहिल्या सिंथियाबाई. त्यांची जाहिरात झकास चालली. अर्ध्या तासात हजार माणसांनी मामांचा फोटो बघितला. पहिल्याने लिहिलं, 'फेक'. दुसऱ्याने विचारलं, 'मॅडम, हे तुमचे कोण लागतात?' तिसऱ्याने सिंथियाबाईंना जेवण झालं का विचारलं.

राजानंदने डोकं टेबलावर टेकवलं. "त्यांला घर सांगता येत न्हाई रे," तो म्हणाला. "मंग कोण आणून सोडंल?" आणि रडायला लागला. चाळिशीचा माणूस असा रडताना काय करायचं असतं, मला माहीत नव्हतं. मी चहा सांगितला.

त्याच्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती. चार्जर काढायला मी खण उघडला, तर आतला मुका मोबाइल उजळलेला. एकाच नंबरचे सतरा मिस्ड कॉल, पहिला साडेअकराचा, आणि अठरावा येत होता.

"राहू दे, तक्रारीचा हाय," राजानंद सवयीने म्हणाला. मी उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"काय वो, सकाळपासून लावून राह्यलो!" माणूस तापलेला होता. "तीर्थपुरीहून साहेबराव बोलतो. दोन महिने झाले, नळ्यांचा पत्ता न्हाई. आज तुमचे कचरूमामा आमच्या इथं जीपमधून उतरले. फोटोवरून बराबर ओळखले. जेवू घातलंय, पायात काही नव्हतं म्हणून माझ्या चपला दिल्यात. पर माल आल्याबिगर सोडणार न्हाई!"

राजानंद उठला तशी खुर्ची मागे पडली. "सोडू नका," तो म्हणाला. "बिलकुल सोडू नका त्यांला. पाया पडतो."

भांडणाची साहेबरावची तयारी होती, याची नव्हती. मग पलीकडे फोन हातातून हातात गेला.

"कोण बोलून राह्यलं?"

"बा, मी राजा."

"राजा, माणसं भली हायेत ही. पर म्हणतात, मी नळ्यांचा शब्द दिल्ता आन् पाळला न्हाई. मला काई आठवंना. मी असं करन का रे?"

राजानंदने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"न्हाई बा. तुम्ही न्हाई केलं. मी केलं. तुमच्या नावानं."



"मंग आधी यांच्या नळ्या घेऊन ये," मामा म्हणाले. "तवर मी बसतो इथं."

मामींना मी कळवलं. राजानंद जिना उतरला आणि तीर्थपुरीच्या रस्त्याला न लागता आधी ठिबकवाल्याच्या घरी गेला.